गुलाबचा सत्कार कोणाच्या हस्ते?

कापडवाल्या पुंडलिकरावांचा योगेंद्र सकाळी लुनावर साडी घेऊन मंगल कार्यालयाकडे गेला, तेव्हा गुलाबला बरं वाटलं. थोड्या वेळाने तोच योगेंद्र तीच साडी घेऊन परत दुकानात आला आणि शाल घेऊन निघाला, तेव्हा तिला जरा नवल वाटलं. जेवणाच्या वेळेला शाल परत आली आणि साडी पुन्हा निघाली, तेव्हा मात्र तिने हातातल्या बांगड्या पेटीत ठेवल्या आणि रस्त्यापलीकडच्या कापडदुकानाकडे डोळे लावून बसली. सत्कार तिचाच होता. साडी की शाल, एवढं तरी आपल्याला कोणी विचारेल अशी तिची समजूत होती.

गुलाबचं बांगड्यांचं दुकान म्हणजे सेलूच्या बाजारओळीतला एक ओटा आणि वर टिनाचा पत्रा. हिंगणीत जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. मिसरूड फुटायच्या वयात तिने आपण मुलगी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याच घरच्यांनी तिला दाराबाहेर काढलं. जुनं नाव तिने बोर धरणात सोडून दिलं होतं. कोणी फारच खोदून विचारलं तर ती म्हणे, "जा, पोहून काढ." सेलूच्या रुख्माबाई कासारणीने तिला घरात घेतलं, बांगड्या भरण्यासाठी हात हलका करून दिला आणि मरताना ओटाही तिच्याच हवाली केला.

पण गावात तिचं नाव झालं ते बांगड्यांनी नाही, रॉकेलने. तेव्हा रॉकेलच्या दुकानासमोर दोन रांगा लागत. पुरुषांच्या रांगेत ती उभी राहिली की पुरुष म्हणत, तिकडे जा. बायकांच्या रांगेत गेली की बायका म्हणत, इकडे नको. एका उन्हाळ्यात तिने आपली कॅन दोन्ही रांगांच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "हे तिसरी रांग. माह्यापासून सुरू." दुकानदार रॉकेल देईना, गुलाब हलेना. पोलीस आला, कॅनला काठी लावून पाहून परत गेला. दुसऱ्या दिवशी पायाने अधू असलेले नानाजी येऊन तिच्या मागे उभे राहिले. समतेबद्दल त्यांचं काही मत नव्हतं, ही रांग छोटी होती एवढंच. मग एक पोटुशी बाई आली, मग आणखी कोणी. आठवड्याभरात तिसरी रांगच सगळ्यांत लांब झाली. शेवटी बायकांनीच तिला हाताला धरून आपल्या रांगेत ओढलं, आणि तेही अगदी पुढे. त्यानंतर आष्टीच्या बाजारात किंवा वर्ध्यात तिच्यासारख्या कोणाला रांगेतून हाकललं, की तीही 'मी सेलूच्या गुलाबची आहे' म्हणून रांगांच्या मधोमध कॅन टेकवू लागली.

ह्या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली होती. नवयुग व्यापारी मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष आलं, आणि नागपूरच्या एका निवृत्त साहेबांनी सुचवलं, की त्याच त्याच दानशूरांना किती दिवस शाली पांघरवणार? तृतीयपंथीयांच्या समतेसाठी झगडलेल्या माणसाचा गौरव करा, पेपरात येईल. पेपरात येईल म्हटल्यावर मंडळाला समता एकदम पटली. चिटणीस भूपेंद्र मास्तर ओट्यापुढे येऊन "गुलाबजी" म्हणाले, तेव्हा गुलाबने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, मागे कोणी मोठं माणूस येऊन उभं राहिलं असेल.

तिने होकार दिला. तिला शालीची हौस नव्हती, साडीचीही नव्हती. मनात एकच गोष्ट कुसळासारखी रुतून होती. बांगड्या भरून झाल्या की बायका कासारणीला नमस्कार करतात, ही रीत आहे. रुख्माबाईला सगळ्या करत. रुख्माबाईमागे ओटा गुलाबकडे आला, गिऱ्हाईक आलं, नमस्कार मात्र आला नाही. गावातल्या बायका हात तिच्या हातात देत, बांगड्या भरून घेत, पैसे ठेवत आणि पदर सावरून उठून जात. सत्कारात बाईला हळदकुंकू लावतात. एकदा, निदान एकदा तरी, चारचौघांसमोर कोणी आपल्या कपाळाला बोट लावेल, एवढंच तिला हवं होतं.

लुनाने आणखी एक फेरी मारली, तशी ती रस्ता ओलांडून दुकानात शिरली.

"काय भानगड हाये पुंडलिकभाऊ? सकाळपासून लुना पळून राह्यली."

मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव गादीवर घाम पुसत बसले होते. "काही नाई गुलाब. गुलाबजी. थोडी अडचण हाये. मास्तर, सांगा न तुमी."

भूपेंद्र मास्तरांनी घसा साफ केला. "असं हाये, आपल्या मंडळात बाप्याचा सत्कार बाप्याच्या हस्ते, शाल अन् श्रीफळ. बाईचा सत्कार बाईच्या हस्ते, हळदकुंकू, साडी अन् ओटी. पंचवीस वर्षांची प्रथा हाये."

"मंग साडी अन् ओटी."

"साडीच ठरली होती. पण महिला आघाडी म्हणे, आमच्यातून ओटी भरन कोण? म्हणून शाल काढली. तं उपाध्यक्ष महादेवराव म्हणे, मी शाल पांघरवली तं पानठेल्यावर लोकं मले वर्षभर चिडवतीन. म्हणून पुन्हा साडी."

"म्हंजे साडी तयार हाये, शाल तयार हाये. हात नाई."

"हात येऊन राह्यला न नागपूरहून," पुंडलिकराव घाईघाईने म्हणाले. "साहेब देतीन. मोठ्या माणसाले कोणी नावं ठेवत नाई. तुमी फक्त दुकान बंद करून चार वाजता स्टेजवर बसजा."

"उद्या महालक्ष्म्या बसतेत भाऊ. आज दुकान बंद ठेवू?"

"एका दिवसानं काय होते?"

कापडवाल्याने हे बांगडीवालीला सांगावं, हे ऐकून घेण्यासारखं नव्हतं. तरी गुलाबने ऐकून घेतलं. महिला आघाडीच्या अध्यक्ष म्हणजे पुंडलिकरावांच्याच शकुंतलाबाई, हेही तिला ठाऊक होतं. काल संध्याकाळीच त्या 'उद्या येते बांगड्या भराले' म्हणून सांगून गेल्या होत्या. म्हणजे हात धरायला गुलाब चालत होती, ओटीला चालत नव्हती.

ओट्याला दार नव्हतं, म्हणून तिने बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि ती मंगल कार्यालयात गेली. पेटी चालली तशा तिच्या मागे बायकाही चालल्या. काही सत्काराला निघाल्याच होत्या. बाकीच्यांना महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी बांगड्यांची पेटी नजरेआड होऊ देणं परवडण्यासारखं नव्हतं. सभागृह कधी नव्हे ते गच्च भरलं. डावीकडे पुरुष बसले, उजवीकडे बायका, मधे येण्याजाण्याची वाट. पुंडलिकरावांना वाटलं, ही सगळी मंडळाची पुण्याई.

चार वाजले, साहेब आले नाहीत. भूपेंद्र मास्तरांनी मंडळाचा अहवाल वाचला. तरी साहेब आले नाहीत, म्हणून तोच अहवाल त्यांनी पुन्हा सावकाश वाचला. दुसऱ्या वाचनात मंडळाने बांधलेली पाणपोई आली आणि भारनियमनाची वेळ होऊन लाइट गेली. पंखे थांबले, माइक मुका झाला. कोणीतरी गॅसबत्ती आणून टेबलावर ठेवली. तिच्या उजेडात दोन तबकं दिसू लागली, एकात साडी आणि करंडा, दुसऱ्यात शाल. दोन्हींत एकेक नारळ. मंडळाने धोका पत्करला नव्हता.

"गुलाब," बायकांतून आवाज आला, "बांगड्या कवा भरशीन? घरी लाडू वळाचे हायेत."

"सत्कार होऊ दे माय," गुलाब स्टेजवरून म्हणाली. "मी बी वाटच पाहून राह्यली."

तेवढ्यात योगेंद्र धावत आला आणि वडिलांच्या कानाला लागला. साहेबांची गाडी बुटीबोरीजवळ बंद पडली होती, आणि साहेब दुसऱ्या गाडीने उलटे नागपूरला गेले होते. पुंडलिकरावांनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव गॅसबत्तीकडे पाहू लागले. पुंडलिकरावांनी पहिल्या रांगेतल्या बायकोकडे पाहिलं. शकुंतलाबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. मग अध्यक्ष गुलाबच्या खुर्चीपाशी वाकले.

"असं करू. दोन्ही तबकं टेबलावर हायेतच. मास्तर म्हणतीन, आदरणीय गुलाबजींनी सत्काराचा स्वीकार करावा. तुमी उठजा, जे आवडन ते उचलजा अन् बसजा."

"माह्या हातानं?"

"कोणाचा वाद नाई, काही नाई."

गुलाब उठली. रॉकेलच्या दुकानासमोर जो राग आला होता, तोच आत्ता पायापासून मस्तकापर्यंत चढला. तबकांकडे न बघता ती स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिली. भूपेंद्र मास्तरांनी सवयीने मुका माइक पुढे केला.

"राहू द्या मास्तर. माह्या आवाजाले माइक लागत नाई." आणि खरोखरच लागला नाही. "बायाइनो, साडी हाये, शाल हाये, नारळ तं दोन हायेत. सेलूत हात भेटला नाई म्हणून मंडळानं नागपूरचा हात बोलावला, तो बुटीबोरीवरून वापस गेला. आता म्हणतेत, तूच उचल. मी उचलत नाई. मले भीक मांगता येत असती तं मी ओट्यावर काऊन बसली असती?"

गुलाबने पेटी ओढली, स्टेजवर मांडी घातली आणि झाकण उघडलं. गॅसबत्तीत हिरव्या बांगड्या चमकल्या, तशा पुढच्या दोन रांगांतल्या बायकांच्या माना आपोआप उंच झाल्या.

"दुकान उघडं हाये. पण आजपासून रीतीनं. बांगड्या भरल्या की कासारणीले नमस्कार. रुख्माबाईले करत होत्या तसा. ज्याले जमत नसन त्यानं वर्ध्याले जावं. तिकडची दुकानं अंधार पडाच्या आत बंद होतेत, एवढं ध्यानात ठेवा."

"अवो, हे स्टेज हाये," पुंडलिकराव कळवळले. "कार्यक्रम चालू हाये."

"माह्याच नावाचा हाये न? मंग चालू द्या."

कोणी हललं नाही. महालक्ष्म्या शकुंतलाबाईंच्या घरी बसत, आख्खी बाजारओळ तिथे जेवायला येई. नव्या बांगड्यांच्या भरवशावर त्यांनी कालच जुन्या उतरवून दोन्ही हातांत एकेकच ठेवली होती. त्यांनी आपल्या मनगटांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिकडून काही मदत येण्यासारखी नाही हे बघून त्या उठल्या. स्टेजवर चढून गुलाबसमोर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"वैनी, हात सैल सोडा."

"दरवेळी तुहं हेच असते."

"दरवेळी तुमी आखडता."

एकेक बांगडी चढत गेली. शेवटची बसली तशी गुलाबने हात सोडला आणि थांबली. नजर तिने खाली घेतली नाही. शकुंतलाबाई थोडा वेळ नव्या बांगड्या न्याहाळत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि नुसते जोडले नाहीत, डोकंही वाकवलं.

त्या उठून टेबलाकडे गेल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, बाई निघाल्या. पण त्या करंडा आणि साडीचं तबक घेऊन परत आल्या.

"वैनी, मी नमस्काराचंच म्हटलं होतं."

"गप बस. अर्धं काम काऊन ठेवाचं? सकाळी मीच म्हटलं होतं, कोण भरन ओटी म्हणून. मंग मलेच भरा लागन न." त्यांनी गुलाबच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, पदरात नारळ आणि साडी घातली. गुलाबने एखादं खणखणीत उत्तर तयार ठेवलं होतं. त्याऐवजी डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांसमोर रडू आल्याचा तिला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागातच ती ओरडली, "चला, दुसरी कोण? लाडू वळाचे हायेत न?"

बायका उठल्या. स्टेजपासून निघालेली रांग पुरुषांच्या आणि बायकांच्या खुर्च्यांमधल्या वाटेने दारापर्यंत गेली. महादेवरावांची सुलोचना नवऱ्याच्या नाकासमोरून रांगेत शिरली. बांगड्या भरत होत्या, नमस्कार होत होते, आणि रांगेच्या शेवटी काठी टेकत नानाजी येऊन उभे राहिले.

"नानाजी, तुमी कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"तिसरी रांग दिसली, राह्यलो उभा. नातीले बांगड्या पाह्यजेत. नमस्कार मी करतो तिच्या वतीनं."

एवढ्यात लाइट आली, पंखे फिरले, आणि पेपरवाल्याने धडाधड फोटो काढायला सुरुवात केली. फोटो निघताना पाहून पुंडलिकरावांना अध्यक्षपदाची जबाबदारी आठवली. त्यांनी शालीची घडी मोडली, दोन्ही हातांत पसरली आणि हसत हसत गुलाबकडे आले. "आता हे शाल माह्या हस्ते," ते म्हणाले.

गुलाबने सुलोचनाच्या मनगटावरून नजर न हलवता मानेने दाराकडे खूण केली. "रांगेच्या शेवटी, पुंडलिकभाऊ."

पुंडलिकरावांनी बायकोकडे पाहिलं. शकुंतलाबाईंनीही मानेने दाराकडेच खूण केली. अध्यक्ष स्टेजवरून उतरले, शाल खांद्यावर टाकून सगळ्या सभागृहादेखत दारापर्यंत गेले आणि नानाजींच्या मागे उभे राहिले.

"नानाजी, थोडं सरकता काय?" त्यांनी हळूच विचारलं. "मले घाई हाये."

"इथं कोणी सरकत नाई," नानाजी म्हणाले. "तिनंच शिकवलं."