उल्का मागाहून येईल

उल्काचं नाक शून्याखाली चाळीस अंशांत वाहता वाहताच गोठेल का, या एका प्रश्नानं सुनीतीची सलग अकरा रात्री झोप उडवली होती.

प्रश्न हसण्यासारखा आहे हे तिलाही कळत होतं. पण साडेचार वर्षांच्या उल्काचं नाक दिवाळीला जे सुरू व्हायचं ते संक्रांत उलटली तरी थांबायचं नाही, आणि तेही राहुरीत, जिथं थंडी म्हणजे सकाळी साडेआठला निघून जाणारी पाहुणी. शामकांत, म्हणजे सुनीतीचा नवरा, जिथं जायचं म्हणत होता तिथं थंडी पाहुणी नव्हती, घरमालकीण होती. सस्कॅचेवान, कॅनडातला एक प्रांत. हे नाव न अडखळता म्हणायला शामकांतला चार दिवस लागले. सुनीतीला मुळीच वेळ लागला नाही, कारण ती भूगोल घेऊन बी.ए. झाली होती. (या पदवीचा तिला आजवर झालेला उपयोग एवढाच, की इतर बायकांना ज्या गोष्टींची काळजी सुचतही नाही, त्यांची काळजी तिला नकाशासकट करता यायची.)

सुरुवात अगदी किरकोळ झाली. शामकांत कृषी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. एकाहत्तर सालच्या जानेवारीत तिथं परदेशातून एक खोकं आलं. आतलं बेअरिंग तिकडच्याच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. दुसऱ्या कुणी बेअरिंग घेऊन कागद टाकून दिला असता. शामकांतनं बेअरिंग बाजूला ठेवून कागद वाचला. शेतीच्या यंत्रांचे कुशल मेकॅनिक पाहिजेत, अशी त्यात जाहिरात होती.

"नुसता फॉर्म मागवू," तो घरी येऊन म्हणाला. "बघायला काय जातं?"

फॉर्म दिल्लीच्या कॅनडा कचेरीतून आला. सोबतच्या माहितीपत्रकावरून कळलं, की कॅनडा सरकार माणसाला मार्क देतं आणि शंभरापैकी पन्नासांना पास करतं. झालं. मॅट्रिकला गणितात पस्तीसवर सुटलेला हा गृहस्थ रोज जेवण झालं की पेन्सिल घेऊन बसायचा आणि स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा.

"वयाचे दहा, पैकीच्या पैकी. आणि हे बघ, व्यक्तिमत्त्वाचे पंधरा."

"ते कोण देणार?"

"मुलाखत घेणारा साहेब."

"बघितलंय का त्यानं तुम्हाला?"

"न बघताच पाच धरलेत मी."

"आणि माझे?"

"तुझे काय?"

"मार्क."

शामकांतनं माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. "तुला नाहीत."

"म्हणजे शून्य?"

"शून्य नाही गं. शून्य मिळायला आधी पेपरला बसावं लागतं. तू माझ्याबरोबर आहेस."

"सामानासारखी."

"तसं नाही. सामानाला वजनाची मर्यादा असते. तुला नाही."

हे त्यानं धीर देण्यासाठी म्हटलं होतं. सुनीतीनं त्या दिवशी भांडी जरा जोरात लावली. तिचा संताप साधा होता. फॉर्ममधलं सगळं इंग्रजी तिचं होतं. शामकांत मराठीत सांगायचा, ती इंग्रजीत पेन्सिलनं लिहायची. म्हणजे वाक्यं हिची आणि इंग्रजीचे मार्क त्याला. तो कच्चा फॉर्म शामकांत ऑफिसातून टाइप करून आणणार होता आणि तिथूनच टपालात टाकणार होता.

तो टाइप होईपर्यंतच्या अकरा दिवसांत सुनीतीनं थंडीचा विषय किती वेळा काढला, हे तिलाही सांगता आलं नसतं. मफलर कोटाच्या आत घालायचा की बाहेर. मूल बाहेर खेळायला गेलं आणि जिभेनं लोखंडी फाटक चाटलं तर. (उल्का फाटकं चाटायची. का, ते कुणालाच कळलेलं नव्हतं.) शामकांत "बघू" म्हणायचा. आता शामकांतची एक कामाची पद्धत होती. यंत्राचा एखादा भाग खडखडायला लागला, की तो भाग काढून बाजूला ठेवायचा आणि त्याच्यावाचून यंत्र चालतंय का ते बघायचं. बहुतेक वेळा चालायचं. वर्कशॉपमध्ये या पद्धतीबद्दल त्याला मान होता.

बाराव्या दिवशी तो म्हणाला, "फॉर्म गेला. आता तू काळजी करू नकोस." तेव्हाच सुनीतीला शंका यायला हवी होती.

पुढच्या गुरुवारी पोस्टमन छगन सायकल टेकवून दारात उभा राहिला. हातात एक पोस्टकार्ड होतं, पण ते तो देईना.

"वयनी, पोरगी जामखेडला ऱ्हानार म्हनं."

"कुठली पोरगी?"

"आता तुमच्याकडं किती हायेत?"

"छगनराव, कार्ड द्या बघू."

"देतो की. मी काय कुनाचं वाचत न्हाई, पर अक्षर लई मोठं हाय. तुमाला सांगायचं न्हाई आसं लिवलंय, म्हनून मी बोलनार न्हवतो. पर जिवाला वंगाळ वाटलं, म्हनून इचारलं."

कार्ड जामखेडहून माईंचं, म्हणजे सुनीतीच्या सासूबाईंचं होतं.

"चि. शामकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. त्याप्रमाणे चि. उल्काचे नाव इथल्या शाळेत घातले. वय थोडे कमी पडते, पण हेडमास्तर ओळखीचे आहेत. पाटी घेतली. तुम्ही दोघांनी कॅनडास निर्धास्त जावे. चि. सौ. सुनीतीस एवढ्यात सांगू नये असे तू लिहितोस ते योग्यच आहे. तिला काळजी करण्याची सवय आहे."

सुनीतीनं कार्ड दोनदा वाचलं. जामखेडचं पोस्ट, नगरचं पोस्ट, राहुरीचं पोस्ट आणि छगन, एवढ्या सगळ्यांना जे माहीत होतं ते तिला सांगू नये, असं त्या उघड्या कार्डावर माईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. तिनं गॅलरीत खेळणाऱ्या उल्काला उचलून कडेवर घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि तरातरा वर्कशॉपची वाट धरली.

शामकांत ट्रॅक्टरखाली होता. नुसते पाय दिसत होते. सुनीती त्या पायांसमोर उभी राहिली. एरवी चारचौघांत ती नवऱ्याशी मोठ्यानं बोलतसुद्धा नसे, पण तोंडापेक्षा पायांशी भांडणं सोपं असतं हे तिला त्या दिवशी कळलं.

"बाहेर येऊ नका," ती म्हणाली. "तिथंच राहा आणि ऐका. माझी मुलगी मी कुणाकडे ठेवायची हे तुम्ही परस्पर ठरवलंत. मला मार्क नाहीत, ठीक आहे. मला इंग्रजीचं श्रेय नाही, तेही ठीक आहे. पण नऊ महिने मी तिला पोटात वागवलं, तेव्हा तुम्ही नगरला डिझेल इंजिनचा कोर्स करत होतात. आता तिला दोन ओळींत जामखेडला पाठवून देता? लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

पाय आत ओढले गेले. मग थोड्या वेळानं पलीकडून पन्नाशीचा, पांढऱ्या मिश्यांचा एक चेहरा वर आला.

"वयनी, मी सहादेव," तो अदबीनं म्हणाला. "सायेब त्या पल्याडच्या ट्रॅक्टरखाली हायेत. पर मी ऐकलं समदं. लई बेकार केलं त्यांनी."

सुनीतीला दुसऱ्या ट्रॅक्टरपाशी जाऊन सगळं पहिल्यापासून म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी ते तितकं चांगलं जमलं नाही. नऊ महिन्यांचं तर राहूनच गेलं. (ते सहादेवनं पलीकडून आठवण करून दिलं.)

शामकांत हात पुसत बाहेर आला.

"टाइप करताना फॉर्मवर उल्काच्या नावापुढं काय लिहिलंत?"

"मागाहून येईल," तो म्हणाला. "अगं, तिथं दोनच रकाने होते. बरोबर येणार आणि मागाहून येणार."

"आणि तुम्हाला मागाहूनचाच दिसला."

"तूच म्हणालीस ना, तिला थंडी सोसायची नाही? अकरा रात्री म्हणालीस. मला वाटलं, निदान तुला झोप लागेल."

तो खरंच बोलत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं. आपल्याच तोंडाच्या टकळीनं आपलं मूल जामखेडच्या शाळेत भरती झालं, असा एक विचार सुनीतीच्या मनात डोकावला. तिनं त्याला लगेच हाकलून दिलं.

"किती दिवस मागाहून?"

"दोन वर्षं. फार तर."

"ती साडेचारची आहे. दोन वर्षांनी ती मला न ओळखता काकू म्हणेल."

"वयनींचं बराबर हाय, सायेब," सहादेव पान्याला म्हणाला.

घरी येऊन सुनीतीनं दिल्लीला पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात माझी मुलगी म्हणजे मागाहून पाठवायचा सुटा भाग नव्हे, असं एक वाक्य होतं आणि तिला ते फार आवडलं होतं. मग वाटलं, व्यक्तिमत्त्वाचे पंधरा मार्क देणाऱ्या साहेबानं हे वाचलं तर शामकांतनं धरलेले पाचही जातील. दुसरा मसुदा दोन पानी झाला. शेवटी पाकिटात गेलं ते एवढंच, की अर्जात नजरचुकीनं चूक राहिली असून मुलगी आईवडिलांबरोबरच येईल, तरी कृपया दुरुस्ती व्हावी. शामकांतनं मुकाट्यानं सही केली. पत्र सोमवारी रजिस्टर करायचं ठरलं.

आणि रविवारी माई आल्या. पहाटेच्या एस.टी.नं जामखेडहून नगर, नगरहून राहुरी, आणि पिशवीत लाकडी चौकटीची कोरी पाटी. उल्कानं ती लगेच ताब्यात घेतली.

"चार दिवस हिला घेऊन जाते," माई चहा पिता पिता म्हणाल्या. "आत्तापासून सवय लावलेली बरी."

"माई, ती नाही येणार. ती आमच्याबरोबर जाणार आहे."

"त्या तिथं? अगं, तिथं म्हणे चूळ टाकली तर जमिनीवर पडेपर्यंत बर्फ होतो."

"असं कोण म्हणालं?"

"तूच म्हणतेस, असं शामनं लिहिलंय."

सुनीतीनं शामकांतकडे पाहिलं. तो स्टोव्हचा पंप तपासत होता. स्टोव्हला काही झालेलं नव्हतं.

"मी म्हणाले असेन," सुनीती म्हणाली. "पण तिथंही मुलं आहेतच की. ती जगतात. तुम्ही मला न विचारता शाळेत नाव घातलंत, हेडमास्तरांना सांगितलंत, सगळ्या पोस्टाला सांगितलंत. घरात एक मीच उरले होते. आई असूनसुद्धा."

एवढं ती माईंशी लग्नापासून आजवर कधी बोलली नव्हती. आता त्या चिडतील, रडतील, तडक एस.टी. स्टँडवर जातील, या तिन्हींची उत्तरं तिनं मनात तयार ठेवली होती. माईंनी नुसती कपबशी खाली ठेवली.

"माझा एकुलता एक मुलगा चाललाय," त्या म्हणाल्या. "मी अडवलं का? जा म्हटलं. सुनेलाही जा म्हटलं. मग माझ्याजवळ कुणीतरी एक जण ठेवा की. एवढंच माझं म्हणणं."

याचं उत्तर सुनीतीनं तयार ठेवलेलं नव्हतं. माई बरोबर बोलत होत्या, ही गोष्ट तिला फार अन्यायाची वाटली. ज्याच्यावर रागवायचं त्यानं निदान पूर्ण चुकीचं तरी असावं.

तेव्हा शामकांत पंप खाली ठेवून म्हणाला, "आपण तिलाच विचारू या का?"

"साडेचार वर्षांच्या मुलीला?" सुनीती कडाडली. "काय विचारायचं तिला? आई हवी की नको?" पण बोलता बोलताच तिला जाणवलं, की या प्रश्नाचं उत्तर एकच असू शकतं आणि ते आपल्या बाजूचं आहे. मूल येऊन गळ्यात पडेल, माईंना दुःख होईल, पण निकाल लागेल, आणि तो आपण नव्हे, उल्कानं लावलेला असेल. "बरं," ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "विचारू या."

उल्का पाटीवर मन लावून काहीतरी गिरगटत होती. सुनीती तिच्यासमोर खाली बसली. माई पुढं सरकल्या. शामकांतही सरकला, पण जरा मागं.

"उल्का, माझ्याकडे बघ. आपल्याला लांब जायचंय. विमानानं. आणि आजीला वाटतं, तिच्या सोबतीला कुणीतरी एक जण इथं राहावं. तू अगदी खरं खरं सांग हं. घाबरायचं नाही. कुणी तुला रागावणार नाही."

उल्कानं पेन्सिल खाली ठेवली. आजीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मग आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. सुनीतीचे डोळे भरून आले. (कुशीत घ्यायला तिनं दोन्ही हात मोकळे करून ठेवले होते.)

"आजी," उल्का म्हणाली, "तू आईला ठेवून घे. मी आणि बाबा जाऊन येतो."