सोपान साळिंदराचा मोठा पडदा

एका जंगलात, पोरांनो, घरोघरी सिनेमा आला होता. वीज कुठून आली ते विचारू नका. सोपान साळिंदरानंही विचारलं नव्हतं.

सोपानच्या बिळात तो, त्याची बायको गोदा आणि म्हातारे वडील आप्पा. आप्पांची लेक तारा लांबच्या डोंगरात दिलेली. गुडघ्यांपायी आप्पांना तिच्या लग्नाला जाता आलं नव्हतं. त्यात आता डोळ्यांत धुकं उतरू लागलेलं. नजर आहे तोवर लेकीचं नवरीच्या वेषातलं तोंड एकदा बघावं, एवढंच त्यांचं मागणं.

ताराच्या सासरहून लग्नाची फिल्म आली. माकडानं बाजारातून प्रोजेक्टर आणून दिला.

पहिल्या दिवशी चित्र पडलं पाटाएवढं. पण कसं, लख्ख! गोदा म्हणाली, आप्पांना पुढे सरकवा, झालं काम. पण सोपान आदल्याच दिवशी अस्वलाच्या गुहेत जाऊन आलेला. तिथला पडदा अस्वल आडवं झोपलं तरी उरेल एवढा. आपलं बीळ केवढं, गुहा केवढी, हा विचार सोपानच्या डोक्यात आला नाही. तिथे आधीच पडदा शिरला होता ना.

"जवळून बघायचं नसतं, आप्पा," तो म्हणाला. "मान अवघडते. शास्त्र आहे ते."

"मान माझी का शास्त्राची?" असं पुटपुटून आप्पा भिंतीला टेकले.

माकडानं सांगितलं होतं, यंत्र मागे नेलं की चित्र मोठं होतं. सोपाननं यंत्र मागे नेलं. ते मागच्या भिंतीला जाऊन टेकलं. आता साळिंदराला अडचण आली की एकच उपाय सुचतो. उकरायचं. सोपाननं मागची भिंत उकरली, यंत्र आणखी मागे गेलं. चित्र वाढलं आणि छतावर चढलं. नवरी भिंतीवर, तिच्या मुंडावळ्या छतावर. मग त्यानं समोरची भिंत उकरून उंच केली. माती सगळी कंदांच्या कोठीत. गोदा रोज मातीतून जेवण शोधायची आणि नवऱ्याच्या कर्तबगारीबद्दल स्वतःशीच काहीबाही बोलायची.

चित्र वाढलं तसं फिकटही होत गेलं. आप्पांना समोर पांढरं काहीतरी हललेलं दिसायचं.

"ही तारा का रे?"

"नाही आप्पा, तो बँडवाला."

त्यात यंत्र आणि भिंत यांच्या मध्ये बसायची सोय नाही. वरमाला पडताना तिघांच्याही अंगावर काटा आला आणि अख्खं लग्न काट्यांच्या सावलीत गडप झालं. सोपाननं नियम केला, कितीही आनंद झाला तरी काटे खाली ठेवायचे.

एवढं होऊनही त्याला पडदा वीतभर कमीच वाटला. फिल्म चालू ठेवूनच त्यानं समोरच्या भिंतीला हात घातला. भिंतीच्या मधोमध मोठं भगदाड पडलं. पलीकडे घोरपड मावशीचं बीळ. सोपान घाबरून मागे पळाला, तो थेट यंत्रापाशी. मावशी भगदाडात ताठ उभी राहिली.

"मेल्या, माझ्या घरात वरात घुसवतोस?"

खरंच घुसली होती. वऱ्हाड, बँड, पंगत सगळं भगदाडातून पलीकडे गेलं होतं. नवरीचं तोंड तेवढं मावशीच्या फिकट पोटावर अडलं होतं.

आप्पा उठले. गुडघे कुरकुरले तरी कडेकडेनं पुढे गेले, नाक टेकेल इतके जवळ.

"तारे," ते म्हणाले, "नथ तुझ्या आईचीच घातलीस गं."

मावशी भांडायचं विसरली. घोरपड एकदा चिकटली की हलत नाही, तशी ती पाठवणी संपेपर्यंत हलली नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला, कारण पोट हललं की नवरी हलायची.

सोपान लांब, शास्त्राच्या बरोबर जागी बसला होता. त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"गोदे," तो हळूच म्हणाला, "एवढं खणलं, आणि पडदा शेवटी पाटाएवढाच निघाला. तुझा नवरा मोठा हुशार हो."

"ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," गोदा म्हणाली. "पडदाही आणि नवराही."

तात्पर्य: सिनेमा बघायचा तर पडद्याचं माप आधी नीट ठरवावं. मग भिंत खणावी, ती पाडावी, आणि शेजारीण भांडायला येईपर्यंत धीर धरावा.