आधीचा माणूस जमा करणे

आमच्या नगरपालिकेत दुकानाचा परवाना हवा असेल तर आधीचा माणूस जमा करावा लागतो. पूर्वी असं नव्हतं. निवृत्त लोक होते तसेच दुकानं थाटत. एका मुख्याध्यापकांनी वह्या-पेनांचं दुकान काढलं आणि अक्षर बघितल्याशिवाय ते कोणाला पेन देईनात. एका फौजदारांनी रसवंती काढली, तर लोक रस प्यायला बसले की न विचारताच नाव-पत्ता सांगू लागले. तक्रारी आल्या आणि ठराव झाला.

माझा आधीचा माणूस पाटबंधारे खात्यात होता. बायको वारल्यावर त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तो घरात बसून राहिला. मुलगी शाल्मली त्याला फोनवर म्हणाली, "बाबा, स्वतःला नव्याने घडवा. हल्ली सगळेच घडवतात." तिनेच त्याचं नाव पन्नाशीनंतरच्या उद्योजकांच्या शिबिरात घातलं. तिथे टाय लावलेल्या एका तरुणाने सांगितलं की घरात पडून असलेल्या वस्तूंत संधी शोधा. घरात बायकोचं पिकोचं मशीन पडून होतं. त्याने शिलाईचा वर्ग केला, बाजारपेठेत गाळा घेतला आणि एका सोमवारी नगरपालिकेत जाऊन स्वतःला जमा केलं. परवाना घेऊन बाहेर आलो तो मी.

जमा खोलीचे कारकून लोणकर यांनी मला वाटणी समजावून दिली. "शिक्षण, शिलाई आणि पत्ता तुमच्याकडे. सवयी आणि दुःख त्यांच्याकडे. मधुमेह दोघांनाही."

"आणि धंदा चालला नाही तर?"

"महिन्याभरात भवानी झाली नाही तर परवाना रद्द. ते घरी जातील."

"आणि मी?"

"नव्याची विल्हेवाट खातं लावतं. घाबरू नका, त्रास होत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"खातं."

मी 'नवी वाट फॉल-पिको' अशी पाटी लावली. शिबिरात सांगितल्याप्रमाणे गिऱ्हाईक आलं की उठून हसायचो. पहिल्याच दिवशी मागच्या आळीतल्या घैसासकाकू साडी घेऊन आल्या. मी फॉल काढून दाखवला.

"अहो, हा शेवाळी. साडी रामा आहे."

मी दुसरा काढला.

"हा मोरपंखी! तुमच्या मिसेसला न बघता कळायचं."

"त्या माझ्या नव्हत्या काकू, जमा झालेल्यांच्या होत्या."

"हो का? मग त्यांनाच बसवा इथे," असं म्हणून काकूंनी साडीची घडी घातली आणि त्या गेल्या.

पुढे रोज तेच. अंजिरी आणि आमसुली मला एकच दिसत. बायका शांतपणे साडी पिशवीत घालून निघून जात. मी लोणकरांकडे तक्रार केली. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिले.

"बरोबर आहे. रंगांची ओळख दुःखाच्या सदरात गेली आहे. बायकोसाठी दोरे आणायला तेच जायचे ना? वेगळं काढता येत नाही."

महिना संपायच्या दिवशी दुपारी तो आला. बरोबर लोणकर होते, कारण जमा माणसाला एकटं बाहेर सोडत नाहीत. ते समोरच्या टपरीवर चहा घेत उभे राहिले. मी उठून हसलो.

"या साहेब. बसा."

त्याने पिशवीतून साडी काढली. "हिची आहे. अर्धा फॉल लावून राहिलाय. तो उसवून टाक आणि सबंध नवा लाव."

"नाव सांगता? पावतीला लागतं."

"वैजयंती." मग आडनाव सांगितलं.

"म्हणजे आमच्यापैकीच," मी म्हणालो.

मी काउंटरवर फॉल मांडले. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ट्यूबखाली काय बघतोस? उन्हात चल. मी ट्यूबखाली बघून न्यायचो तर ही मला तशीच परत पाठवायची. चप्पलसुद्धा काढू द्यायची नाही."

आम्ही फुटपाथवर उभे राहिलो. त्याने साडी माझ्या हातावर पसरली आणि तिच्यावर एकेक फॉल ठेवत गेला. "काठ नको बघूस. अंग बघ. हा आमसुली, ह्यात काळसर आहे. हा अंजिरी. दिसला?"

पहिल्यांदा दिसला नाही. त्याने हाताने माझं मनगट जरा तिरकं केलं, तेव्हा दिसला.

"दिसला," मी म्हणालो.

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या येत नव्हतं. ऊन दोघांवर सारखंच होतं.

फॉल लावता लावता मी म्हणालो, "तुम्ही आला नसता तर उद्या सुटला असता."

"सुटून काय करू? घरी जाऊन बसू?" तो माझ्या हाताकडे बघत होता. "तू टाके जरा जवळ घाल. ही जवळ घालायची."

मी टाके जवळ घातले. त्याने पैसे दिले. ते मी कपाळाला लावून गल्ल्यात टाकले. भवानी झाली. लोणकरांनी चहाच्या टपरीवरूनच हात करून नोंद घेतल्याचं कळवलं आणि खोली बंद व्हायच्या आत ते दोघे परत गेले.

दुसऱ्या दिवशी घैसासकाकू दिसल्या, तेव्हा मी त्यांना बोलावून साडीसकट उन्हात उभं केलं. आता धंदा बरा चालतो. शिबिरवाल्यांनी माझा फोटो त्यांच्या फलकावर लावला आहे. शाल्मलीचा फोन आला होता.

"बाबा, तुम्ही किती बदललात!"

"हो."

"आईची आठवण येते का हो?"

"ती जमा खोलीत येते. साडेपाचपर्यंत त्यांना भेटता येतं."

जमा खोली कोणत्या वारी उघडी असते ते विचारून तिने फोन ठेवला.

तो दर शनिवारी येतो. तीच अंजिरी साडी आणतो, फॉल उसवलेला असतो. आम्ही उन्हात जाऊन रंग बघतो, मग मी नवा फॉल लावतो. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून मी त्याला थोडी सूट देतो.