बॉनेटखालचा डबा

आमचे निकमकाका गाडी सुरू करण्याआधी रोज बॉनेट उघडतात. ऑइल-पाणी बघायला नव्हे, डबा ठेवायला. फॉइलमध्ये गुंडाळलेला स्टीलचा डबा इंजिनाशेजारी तारेनं घट्ट बांधतात, बॉनेट आपटतात आणि मला म्हणतात, "यल्ला, बसा!"

मी त्यांची शेजारीण. शारजाहून दुबईला आम्ही एकत्रच कामाला जातो. त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या न देणारा मला भेटलेला हा एकमेव माणूस. उलट रस्ता मोकळा दिसला की यांचं तोंड उतरतं. "आज डबा गारच राहणार बघा!" मग ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये, भल्या सकाळी, गाडीतच बसून भरली वांगी आणि भाकरी. काकू गेल्यापासून स्वयंपाकही त्यांचाच. एकदा झाकण सैल राहिलं आणि सुकटाचा वास एसीतून थेट आत आला. त्या दिवशी मीटिंगमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

गाडीच्या पासिंगला इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडून विचारलं, "ये क्या है?"

"खाना है. पाँच मिनट रुको, गरम हो रहा है."

ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, हे सांगून सांगून मी दमले. "त्यात आग कुठंय?" एवढंच उत्तर.

मग त्यांच्या मुलानं, रोहननं, वाढदिवसाला त्यांना इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. काकांनी आधी बॉनेट उघडलं. आत इंजिनच नाही, सामान ठेवायला स्वच्छ रिकामी जागा. हात घालून म्हणाले, "गार आहे रे."

"दॅट्स द पॉइंट, बाबा!"

जुनी गाडी शनिवारी विकायची ठरली. तिच्यातून शेवटचं ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. काका एकाएकी बोलायला लागले. वडील भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा पोचवायचं काम यांच्याकडे.

"आत नुसता धूर, वाफ, तेलाचा वास. परत येईपर्यंत नाकसुद्धा काळं. वडील पेटलेल्या इंजिनात चढायचे आणि भट्टीच्या दारावरच्या फळीवर डबा ठेवायचे. घरी ते आमच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत हो. पण तिथं, डबा गरम होईपर्यंत, मला शेजारी बसवून बोलायचे. ही पाण्याची काच, हा शिट्टीचा दांडा. शाळेचंही विचारायचे. मी मनात म्हणायचो, देवा, लवकर गरम होऊ देऊ नकोस."

पुढची गाडी हलली, तरी काका हलले नाहीत. मागून हॉर्न वाजायला लागले.

"रोहनची शाळा दुबईत होती. त्याला सोडायला जाताना डबा असाच बांधायचो. किती बोलायचा तेव्हा! आता फोन करतो, 'ऑल गुड, बाबा?' आणि खलास."

घरी गेल्या गेल्या मी रोहनला फोन केला. म्हटलं, गाडी विकायला एकटा जाऊ नकोस, बाबांना बरोबर ने. आणि भर गर्दीच्या वेळी नीघ.

"बट व्हाय, आंटी?"

"सांगते तेवढं कर."

शनिवारी संध्याकाळी काका लिफ्टपाशी भेटले. गाडी विकून आले होते. हातात डबा, फॉइल जसंच्या तसं.

"हे काय, जेवला नाहीत?"

"झाला होता हो गरम," काका म्हणाले. "पण तो बोलत होता ना. मध्येच कसा उघडायचा?"