भर थंडीतली उन्हाळी

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत भेटल्यावर कोणी ‘कसं काय’ म्हणतं, कोणी ‘झालं का जेवण’. गायधनी काका मला विचारतात, “पोरीची शू कशी आहे?” तेही लिफ्टमध्ये, चार माणसांसमोर.

काकांचं घराणं रामकुंडावर पूजा सांगणारं. काका मात्र जन्मभर लॅबमध्ये लघवी तपासत बसले. “वडील लोकांना तीर्थ द्यायचे, मी लोकांचं ‘तीर्थ’ घ्यायचो,” असं सांगतात आणि स्वतः मुळीच हसत नाहीत. निवृत्त झाले तरी खिशात निर्जंतुक बाटली असतेच. एकदा सत्यनारायणाला यजमानीणबाई म्हणाल्या, “बंटीला उन्हाळी लागलीय, सब्जा देतेय.” काका प्रसादाचा द्रोण घेऊन ताडकन उठले. “भर थंडीत कसली उन्हाळी? आधी लघवी तपासा!” त्या बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

यंदा थंडीतच माझ्या चार वर्षांच्या नमीला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, पण सुटलेली सवय परतली, अंथरूण ओलं होऊ लागलं. शू करताना रडायची. मी आपली धने-जिऱ्याचं पाणी पाजत होते. तिसऱ्या दिवशी कुठून तरी ऐकून काका दारात हजर, बाटली पुढे केलेली.

“नीट धुऊन घे. पहिली धार सोड, मधली धर. त्याआधी अँटिबायोटिक नको.”

मला राग आला, पण धरली. बाटली घेऊन ते या वयात जिना पळत उतरले.

जंतू निघाले. डॉक्टरांनी औषध दिलं, सोनोग्राफी केली. ताप उतरला तरी काका रोज बेल वाजवत. “डोस अर्धवट सोडला नाहीस ना?” अक्षरशः वैताग आणला.

किडन्या चांगल्या आहेत हे सांगायला मी पेढे घेऊन गेले. भिंतीवर दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो होता, हार घातलेला.

“माझी वासंती,” काका म्हणाले. “सारखा ताप यायचा. माझी आई म्हणायची उन्हाळी, मी सब्जा पाजायचो. शेवटी किडन्याच गेल्या.” पेढा हातात तसाच होता. “दिवसभर लोकांच्या पोरांच्या बाटल्या तपासायचो गं. घरची एकही नेली नाही.”

मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सहाजण होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.

मीच मोठ्यानं म्हणाले, “काका, नमीची शू छान आहे.”