गप्पींचा पाहुणचार

यंदा आपल्या आवारात डासाचं एक पिल्लूसुद्धा जन्माला येणार नाही, असं ब्रेककाकांनी इमारतीच्या बैठकीत छातीठोकपणे जाहीर केलं.

काकांनी आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. शिकणारा चुकला की शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कुणी जिना धावत उतरलं, कुणी बोलता बोलता भलत्याच विषयाकडे वळलं, की काकांचा उजवा पाय दाणकन जमिनीवर पडायचा. म्हणून ते ब्रेककाका.

डासांशी त्यांचं वैर मात्र थट्टेचं नव्हतं. गेल्या वर्षी डेंग्यूने अर्धी इमारत आडवी केली होती. काकू तर इस्पितळात होत्या. त्यांच्या प्लेटलेटचा आकडा रोज घसरताना बघून काकांना उतारावर ब्रेक गेलेल्या गाडीत बसल्यासारखं वाटत होतं. काकू हातीपायी धड घरी आल्या आणि काकांनी मोहीमच उघडली. दर रविवारी सकाळी त्यांची शिट्टी वाजली की सगळे मजले कामाला लागत. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, पिंपं, सगळं उपडं व्हायचं. लोक कुरकुरायचे, पण यायचे. गेल्या वर्षीचा ताप अजून सगळ्यांच्या हाडांत होता.

अडून बसला होता तो फक्त अंगणातला हौद. बिल्डरने तो कारंज्यासाठी बांधला होता. कारंजं जन्मात कधी उडालं नाही, आणि पाणी जायची वाट बुजलेली असल्यामुळे हौद कितीही उपसला तरी पावसाने पुन्हा भरायचाच. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की हौद बुजवून तिथे गाडी लावायला जागा करावी. काकांनी त्याला ठाम विरोध केला. डॉक्टरांना गाडी त्यांनीच शिकवली होती, आणि भिंतीजवळ गाडी लावताना डॉक्टर काय करतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी आरोग्यसेविका ताई पिशवीतून गप्पी मासे घेऊन आल्या. हे मासे डासांच्या अळ्या मटकावतात, बाकी काही करावं लागत नाही, असं त्यांनी समजावलं. काकांनी मासे समारंभपूर्वक हौदात सोडले आणि वर पाटी लावली : ‘मासे काम करत आहेत. व्यत्यय आणू नये.’

पंधरवडा छान गेला. मग एका सकाळी काकांनी हौदात वाकून बघितलं, तर पाण्यात स्वल्पविराम वळवळावेत तशा अळ्याच अळ्या. आणि त्यांच्यामधून गप्पी मासे जेवणानंतर शतपावली करणाऱ्या शेठजींसारखे संथपणे फिरत होते. एक अळी तर एका माशाच्या नाकाला घासून गेली. त्याने तिला वाट करून दिली.

काकांचा पाय आपटला. ताईंना बोलावणं गेलं. त्याही बुचकळ्यात पडल्या. मासे कमी पडत असतील म्हणून त्यांनी आणखी एक पिशवी आणून ओतली. पण आठवड्याभरात नवे मासेही जुन्यांच्या संगतीने बिघडले. काकांना आता घातपाताचा वास येऊ लागला. हौदावर डोळा असलेला माणूस इमारतीत एकच होता, आणि तो दातांचा डॉक्टर होता. काका त्यांच्याकडे अशा नजरेने बघू लागले की त्या बिचाऱ्यांनी जिन्याची बाजू बदलली.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरताईंच्या मुलीला ताप भरला. ती गरोदर होती आणि संध्याकाळी वारा लागतो म्हणून नेमकी हौदाच्या काठावर येऊन बसायची. तिचं रक्त तपासायला गेलं. काकांना जेवण गेलं नाही. टेलरताईंच्या दारापर्यंत ते दोनदा गेले आणि काय बोलावं ते न सुचून परत आले.

रिपोर्ट चांगला आला. साधा सर्दीचा ताप होता. टेलरताईंनी जिन्यातूनच ओरडून सगळ्यांना सांगितलं, आणि काका पायरीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. पण उठले ते निश्चय करूनच. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पंपाच्या खोलीमागे दबा धरून बसले.

आधी डॉक्टर आले. काकांनी श्वास रोखला. डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला, त्यातून क्रीमचं बिस्कीट काढलं आणि चुरून हौदात टाकलं. गोड खाऊ नका म्हणून अख्ख्या गावाला दरडावणारा हा माणूस माशांना म्हणत होता, “सावकाश खा, सावकाश.”

ते जातात न जातात तोच टेलरताई पावाचा चुरा घेऊन आल्या. त्यांच्यामागून मुलगी, तिच्या हातात भाताची वाटी. काकांचा पाय शिवशिवत होता, पण त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मग आल्या काकू. त्यांच्या वाटीत उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक होता. कोलेस्टेरॉलच्या भीतीने वर्षभर काकांच्या ताटातून काढून घेतला जाणारा, कचऱ्यात जातो असं त्यांना सांगितलेला बलक. काकूंनी तो बोटांनी कुस्करून मायेने पाण्यात सोडला. काकांच्या हातून पाय निसटला. दाणकन आवाज झाला.

“कोण आहे?” काकू दचकल्या.

काका पंपाच्या खोलीमागून बाहेर आले. रागावं की बलकाचं दुःख करावं, त्यांना कळेना. “अगं, ते अळ्या खायला आणलेत! तुम्ही त्यांना जेवू घातलंत तर अळ्या कोण खाणार?”

“तुम्ही त्यांना नुसतं कामाला लावलंत,” काकू म्हणाल्या. “पोटाचं कुणी बघायचं? इस्पितळात पडून असताना मला अन्न जात नव्हतं, तेव्हा दिवसभर चमचा घेऊन उशाशी कोण बसलं होतं? तेव्हा नाही म्हणालात, हिला उपाशी ठेवा म्हणून.”

काकांनी वाटी काकूंच्या हातून घेतली, विसळून आणतो म्हणून.

संध्याकाळी बैठक बसली. तिथे कळलं की डॉक्टर, टेलरताई आणि काकूच काय, वरचे तिन्ही मजले चोरून हौदावर येत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की माशांची काळजी फक्त आपल्यालाच आहे. काकांनी डॉक्टरांची माफी मागितली. मग ताईंच्या सल्ल्याने माशांचा खुराक बंद झाला. पहिले काही दिवस फार जड गेले. काठावर सावली पडली की मासे गर्दी करून तोंडं उघडत, आणि लोक माना वळवून निघून जात. कुणाचा धीर सुटू नये म्हणून जोडीजोडीने पहारा ठेवावा लागला. डॉक्टर आणि काका एकाच जोडीत आले आणि गप्पांत त्यांची चांगलीच गट्टी जमली. हळूहळू भुकेने आपलं काम केलं. माशांना अळ्या दिसू लागल्या. महिन्याभरात हौदाचं पाणी आरशासारखं झालं, आणि त्या मोसमात इमारतीत एकही माणूस डेंग्यूने आजारी पडला नाही.

मासे मात्र मनसोक्त वाढले. तेव्हा ताई पुन्हा आल्या. मागच्या गल्लीतल्या लोकांकडे असाच एक हौद आहे, थोडे मासे द्याल का, म्हणून विचारू लागल्या. सगळ्यांचे चेहरे उतरले. टेलरताईंनी डोळ्यांना पदर लावला. काकू हौदाकडे बघत राहिल्या.

काका उठून उभे राहिले. “द्यायला आमची ना नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “पण माणसं कशी आहेत ते आधी आम्ही येऊन बघू. फार प्रेमळ असतील तर जमायचं नाही. आमच्या माशांना नीट उपाशी ठेवणारं घर पाहिजे.”