बटणं दाबणारी बाई

"खुर्ची एकच मिळेल," हॉलचा मॅनेजर म्हणाला. "वाजवणारा एक, खुर्ची एक. ही बाई नुसती बटणं दाबते, तिला स्टेजवर कशाला बसवायचं?"

ही बाई म्हणजे ताई, बाजाची थोरली बहीण. बाजा त्या हॉलमध्ये दर शनिवारी कीबोर्ड वाजवायचा, म्हणून त्याचं नाव बाजा. खरं नाव बहुतेक त्यालाही आठवत नसावं. त्याचा कीबोर्ड असा, की डाव्या हाताने सूर धरला की आतून ड्रम, गिटार, सगळी मंडळी आपोआप वाजायला लागायची. पण त्यांना सुरू करायला, मधेच ताल बदलायला आणि गाणं नीट संपवायला बटणं दाबावी लागतात. बाजाचे दोन्ही हात पट्ट्यांवर अडकलेले, म्हणून ताई शेजारी बसून बटणं सांभाळायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

आता मॅनेजरच्या मेव्हण्याला शनिवार हवा होता. मेव्हण्याकडे गाण्यांनी भरलेला एक पेन ड्राइव्ह होता आणि चेहऱ्यावर भरपूर आत्मविश्वास.

बाजाचं डोकं सटकलं. "ठीक आहे! एकच खुर्ची द्या. मी एकटा वाजवतो. आणि ऐका, माझा हात एकदा जरी बटणाकडे गेला ना, तर शनिवार तुमच्या मेव्हण्याचा!"

"बघा हं," मॅनेजर गोड हसला.

बाहेर पडल्यावर ताईने त्याला गाठलं. "वा रे वा! मला एका शब्दाने विचारलंस?"

"अगं, बटणंच तर आहेत. पायाने दाबेन. पेडल मिळतात."

"नुसती बटणंच, नाही का? बाज्या, लिहून ठेव. माझ्याशिवाय तुला गाणं सुरू करता येईल. थांबवता येणार नाही."

"बघूच!"

"बघणारच. येत्या शनिवारी पहिल्या रांगेत बसणारे मी. ज्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे ना, त्या आजी माझ्या ओळखीच्या आहेत. मी पाहुणी. पोटभर जेवणार आणि तुझी फजिती बघणार."

बाजाने तीन पेडलांची एक फळी आणली. एक पेडल सुरू करायला, एक ताल बदलायला, एक शेवट करायला. दुकानदाराने सोबत चांगली लांबलचक वायर दिली. घरी येऊन बाजा वाजवायला बसला आणि पहिल्याच ओळीला घोटाळा झाला. बाजाचा डावा पाय जन्मापासून तालावर हलायचा. चहा पितानाही हलायचा. तो दर ठोक्याला पेडलवर आपटायला लागला आणि कीबोर्ड पिसाळला. ताल बदल, बंद, सुरू, ताल बदल, बंद!

दाराच्या चौकटीत बाजाची बायको उभी होती. "हे कुठलं गाणं?"

"सराव आहे!"

"कशाचा?"

त्याने पायाला दम दिला, विनवण्या केल्या. पाय काही ऐकेना. शेवटी त्याने पायजम्याची जुनी नाडी काढली आणि डावा पाय खुर्चीच्या पायाला करकचून बांधला. उरला उजवा पाय, तो जरा समजूतदार होता. दोन दिवसांत बाजाला जमायला लागलं. "ताईला सांग," तो बायकोला म्हणाला, "पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बस म्हणावं. कौतुकाने रडू येईल."

शनिवार आला. हॉल खच्चून भरला होता. आजी-आजोबा नाचणार म्हणून वीतभर उंचीच्या स्टेजला आणि खालच्या जमिनीला नवं पॉलिश मारलं होतं. बाजाने कीबोर्ड स्टेजच्या कडेला मांडला, पाय बांधला आणि चप्पल काढणार तोच मॅनेजर आला.

"अनवाणी? आमच्या हॉलमध्ये? बूट घाला!" म्हणत त्याने स्वतःचेच काळे कुळकुळीत बूट काढून दिले. टोकापर्यंत चकचकीत आणि तळाला गुळगुळीत. एक बूट बांधलेल्या पायात बाजाने कसाबसा कोंबला. मॅनेजर नुसत्या मोज्यांवर बाजूला उभा राहिला आणि त्याने बाजाच्या हातांवर डोळे रोखले. मागे मेव्हणा पेन ड्राइव्ह कुरवाळत होता.

समोर पहिल्या रांगेत ताई. हाताची घडी, मांडीवर पर्स.

बाजाने सुरू करायचं पेडल दाबलं. संथ, गोड चाल निघाली. आजोबांनी आजींचा हात धरला आणि दोघं हळूहळू गिरक्या घ्यायला लागले. लोक हळवे झाले. बाजाने ताल बदलायला बूट दाबला. ताल बदलला, पण फळी पॉलिशवरून चार बोटं पुढे सरकली. पुन्हा दाबला, पुन्हा सरकली. बाजा पाय लांबवत खुर्चीतून घसरायला लागला. हनुवटी पट्ट्यांच्या पातळीला आली, तरी हात वरच.

"आजोबा दमले हो," कुणीतरी म्हणालं.

बाजाने शेवटाच्या पेडलकडे जीव खाऊन बूट मारला. बूट हुकला आणि फळीच्या कडेला लागला. फळी सुर्रकन निघाली, वायर उलगडत गेली आणि फळी स्टेजवरून खाली पडून घसरत पहिल्या रांगेपुढच्या गालिच्यावर थांबली. थेट ताईच्या पायांपाशी.

उठावं तर पाय बांधलेला. बटण दाबावं तर शनिवार गेला. हात थांबवले तरी आतला ड्रम थांबणार नव्हता. आजोबांची सातवी की आठवी गिरकी चालू होती आणि ते आजींना म्हणत होते, "अगं, हे संपवायचं कुणी?"

बाजाने ताईकडे पाहिलं. ताईने फळीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. झुंबर फारच आवडलं असावं.

"ताई!" बाजा ओठांतल्या ओठांत म्हणाला.

ताईने कानाला हात लावला. ऐकू येत नाही.

"ताई, चुकलो!"

ताईने सावकाश चप्पल काढली आणि अंगठ्याने ताल बदलायचं पेडल दाबलं. संथ चाल अचानक उड्या मारायला लागली. आजोबांचे डोळे पांढरे झाले.

"ताई, पाया पडतो!"

"पाय बांधलाय ना तुझा, पडशील कसा?" ती पुटपुटली आणि शेवटाचं पेडल दाबलं.

टडांग! गाणं नेमक्या जागी संपलं. आजोबा खुर्चीत कोसळले, लोक टाळ्या वाजवत उठले. त्यानंतर ताई आरामात जेवत होती. वाटी हातात, साडीच्या काठाखाली अंगठा पेडलवर. एकही ताल चुकला नाही. मधे मॅनेजरने स्वतः येऊन विचारलं, "पाहुण्याबाई, आईस्क्रीम आणू?" ताईने दोनदा आणायला लावलं, एकदा नुसतं बदलून.

कार्यक्रम संपला. मॅनेजर मान हलवत आला. "हात खरंच बटणाकडे गेला नाही हो! पुढचा शनिवार तुमचाच." मेव्हणा खिशात पेन ड्राइव्ह घालून निघून गेला. हात मिळवायला बाजा ऐटीत उठला, तशी पायाबरोबर खुर्चीही उठली.

"हे काय?"

"एकच दिलीत ना?" बाजा छाती काढून म्हणाला. "म्हणून सोडत नाही. फक्त एक करा. पहिल्या रांगेतली मधली जागा दर शनिवारी राखून ठेवा. दर्दी पाहुण्यांसाठी."

मॅनेजर खुशीत मान डोलावून गेला. ताई वायर गुंडाळत होती.

"काय गं, जमलं की नाही?" बाजाने विचारलं.

"जमलं," ताई म्हणाली. "पण वायर अजून लांब घे. आईस्क्रीमचं टेबल पार त्या कोपऱ्यात आहे."